कोणता रिसीव्हर चांगला? ‘तुलनात्मक अभ्यास’ करण्याआधी

आपल्याकडच्या प्रबंधांची शीर्षकं चाळली तर एक शब्द हमखास भेटतो: ‘तुलनात्मक अभ्यास’. दोन शाळांचा, दोन खतांचा, दोन द्रावणांचा, दोन कवींचा. पेट परीक्षा पास होऊन कोर्सवर्कला बसलेली मुलं सिनॉप्सिसचा पहिला मसुदा दाखवतात तेव्हा त्यातही तो असतोच. सोपा वाटतो म्हणून घेतला जातो. पण ‘अ’ आणि ‘ब’ शेजारी शेजारी ठेवले, दोघांचे तक्ते काढले, म्हणजे तुलना झाली असं नाही. तुलना म्हणजे बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलणं, आणि ‘बाकी सगळं’ या दोन शब्दांतच सगळी मारामारी असते.

हे समजावायला या वेळी माझ्या प्रयोगशाळेतलं उदाहरण घेत नाही. द्रवातला अल्ट्रासॉनिक वेग म्हटलं की निम्मे वाचक पळतात. होम थिएटरचा रिसीव्हर घेऊ. निलंग्याला आमच्या घरी सध्या हाच वाद चालू आहे. सोयाबीनचे पैसे आले की त्यातले काही बाजूला काढून काका होम थिएटर घेणार आहेत. दोन रिसीव्हर नजरेत आहेत, एक स्वस्त आणि दुसरा जवळजवळ दुप्पट किमतीचा. “तू फिजिक्सवाला ना, मग सांग की कोणता घेऊ!” असे फोन येतात. त्यात आजी ऐंशीच्या पुढची. तिला टीव्हीवरचं बोलणं कळत नाही म्हणून आवाज वाढवायचा, आणि वाढवला की मारामारीच्या सीनला गल्ली जागी होते. म्हणजे प्रश्न हौसेचा आहे तसा आजीचाही आहे.

ज्यांनी रिसीव्हर पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टीव्ही, सेटटॉप बॉक्स, मोबाइल यांचा आवाज या खोक्यात येतो. खोकं तो उलगडतं, पुढचे दोन, मधला, मागचे दोन आणि सबवूफर अशा वाटा करून देतं आणि प्रत्येक वाटेचा सिग्नल मोठा करून स्पीकरला पाठवतं. यालाच ५.१ म्हणतात. डेनन, यामाहा, सोनी, मरांट्झ ही नावं तुम्ही ऐकली असतील.

खोक्यावरचे वॅट

काकांचा पहिला मुद्दा: “महागडा जास्त वॅटचा आहे.” कुणीही इथूनच सुरुवात करेल, कारण आकडा छापलेला असतो. पण आकडा कोणत्या अटीवर मोजला, ते खाली बारीक अक्षरांत असतं. एकाच रिसीव्हरच्या माहितीपत्रकात ७०, १०० आणि १३५ वॅट असे तीन आकडे सापडू शकतात आणि तिन्ही खरे असतात. दोन चॅनल चालू ठेवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ सगळ्या पट्ट्यात, अगदी कमी विकृतीवर मोजलं की एक आकडा. एकच चॅनल, फक्त १ किलोहर्ट्झ आणि १० टक्के विकृती चालवून घेतली की दुसरा, जवळजवळ दुप्पट. आणि सिनेमा बघताना तर पाच चॅनल एकदम चालतात, त्या अटीवरचा आकडा बहुतेक वेळा छापलेलाच नसतो. जुन्या टेपरेकॉर्डरवरचे हजारो ‘पीएमपीओ’ वॅट आठवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. अमेरिकेत या गोंधळावर १९७४ साली सरकारी नियम करावा लागला होता.

आता समजा दोन्ही आकडे एकाच अटीवर मोजलेत, ८० आणि १०० वॅट. फरक किती? कान वॅटमध्ये ऐकत नाही, गुणोत्तरात ऐकतो. १०० भागिले ८० याचा लॉगॅरिदम घेऊन दहानं गुणा, उत्तर येतं ०.९७. म्हणजे एक डेसिबलसुद्धा नाही. वॅट दुप्पट केले तरी ३ डेसिबलच वाढतात, आणि आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. शिवाय साधारण स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. माणसांचं साधं बोलणं ६० डेसिबलच्या जवळपास असतं. मग बैठकीच्या खोलीत बहुतेक वेळ एक वॅटसुद्धा लागत नाही, उरलेले वॅट क्षणभराच्या धडाम्-धूम् साठी राखीव.

विकृतीचंही तसंच. स्वस्त रिसीव्हरची विकृती ०.१ टक्का आणि महागाची ०.०१ टक्का असेल तर कागदावर दहापट फरक आहे. डेसिबलमध्ये मांडलं तर ही विकृती मूळ आवाजाच्या ६० आणि ८० डेसिबल खाली असते. सिनेमाचा मोठा प्रसंग ९० डेसिबलवर ऐकताय असं धरा: विकृती अनुक्रमे ३० आणि १० डेसिबलची. खोलीत छताचा पंखा फिरतोय, तोच साधारण चाळीसच्या वर. एप्रिलमध्ये निलंग्यात पंखा बंद करून सिनेमा बघणारा माणूस मला दाखवा! पंख्याचा आवाज आणि विकृतीचा आवाज वेगवेगळ्या वारंवारितेचे असतात, त्यामुळे हा हिशोब तंतोतंत नाही. पण अंदाज यायला पुरे. संशोधनात सतत विचारायचा प्रश्न हाच आहे: उपकरणाला दिसणारा फरक, ज्याच्यासाठी मोजतोय त्याला जाणवणार आहे का?

मग कानानं ठरवू

काकांचा दुसरा मुद्दा: “मी लातूरला दुकानात ऐकलाय. महागड्याचा आवाज भारी, भरलेला वाटतो.” हा पुरावा म्हणून कितपत चालेल?

दुकानात दोन्ही वेगवेगळ्या स्पीकरना जोडलेले. एक शनिवारी ऐकला, दुसरा पुढच्या आठवड्यात. गाणी वेगळी. किंमत माहीत. विक्रेता शेजारी उभा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दोघांचा आवाज सारख्या पातळीवर होता का ते कुणी पाहिलं नाही. कानाची एक खोड आहे: एखादा आवाज अर्धा-एक डेसिबल मोठा असेल तर तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. जास्त स्वच्छ, जास्त भरलेला. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवलं की आवाज वाढत जातो तशी खर्जाची जाणीव इतर पट्ट्यांपेक्षा झपाट्यानं वाढते. त्यामुळे ‘भरलेला’ हे विशेषण बऱ्याचदा व्हॉल्यूमच्या बटणाचं असतं, रिसीव्हरचं नसतं. याला आपण गोंधळ घालणारं चल म्हणू. वर्गात व्याख्या पाठ करताना ते कोरडं वाटतं, इथे ते पंचवीस-तीस हजाराला पडू शकतं.

उपाय साधा आहे. दोन्ही रिसीव्हर एकाच स्पीकरला आळीपाळीनं जोडायचे. आधी मोबाइलवरून एका सुराचा टोन वाजवायचा, स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर लावून एसी व्होल्ट वाचायचे आणि दुसऱ्याचा आवाज तेवढ्याच व्होल्टवर आणायचा. अंतर ०.१ डेसिबलच्या आत हवं, म्हणजे साधारण १.२ टक्के: एकावर २.०० व्होल्ट असतील तर दुसऱ्यावर २.०२ च्या वर नको. तीनशे-चारशेचा मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला चुकीचं वाचू शकतो, म्हणून टोन दोनशे हर्ट्झच्या आसपासचा घ्या. तरीही मीटर दोन टक्के चुकत असेल तर? चुकू द्या. दोन्हीकडे तेच मीटर, तोच टोन, मग चूकही तीच, आणि तुलनेत ती वजा होते. निरपेक्ष मापन आणि तुलनात्मक मापन यांतला हा फरक लक्षात ठेवला तर स्वस्त उपकरणावरही चांगलं काम करता येतं. आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळा पाहता हे फार कामाचं आहे!

पातळी जुळली की डोळे झाकायचे. कोणता रिसीव्हर वाजतोय हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये, आणि ऐकणाऱ्यासमोर जो उभा आहे त्यालाही कळता कामा नये. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये अशा चाचणीसाठीची पेटी मांडली. तिला एबीएक्स म्हणतात. ‘अ’ ऐका, ‘ब’ ऐका, मग ‘क्ष’ ऐका आणि क्ष हा अ आहे की ब ते सांगा. ‘कोणता आवडला’ असं विचारतच नाहीत. आधी फरक ओळखता येतो का ते बघायचं, आवड नंतर. १९८७ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकानं दोनशे-सव्वादोनशे डॉलरच्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत सहा यंत्रं अशी झाकून ऐकवली, तर उत्तरं नाणं उडवल्यासारखी आली. डोळ्यांचा प्रभाव किती असतो हे टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४ साली स्पीकरवर दाखवलं. तेच चाळीस श्रोते, तेच स्पीकर, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर. समोर दिसल्यावर मोठे, देखणे स्पीकर गुण खाऊन गेले आणि छोटा स्वस्त संच मागे पडला.

इथे थांबून “सगळे रिसीव्हर सारखेच” असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, आणि माझ्या मते नव्या संशोधकांची खरी कसोटी इथेच लागते. गणित करून बघू. १६ वेळा विचारलं आणि कुणी १२ वेळा बरोबर सांगितलं, तर निव्वळ नशिबानं १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ३.८ टक्के. पाच टक्क्यांच्या आत, म्हणून आपण म्हणतो की फरक ओळखता येतो. ठीक. आता उलट बघा. एखाद्याचा कान खरंच तयार आहे, तो दर वेळी ७० टक्के शक्यतेनं बरोबर ओळखतो. तो १६ पैकी १२ गाठेल याची शक्यता किती? ४५ टक्के. म्हणजे खरा फरक ऐकू येणारा माणूस निम्म्याहून जास्त वेळा आपल्या चाचणीत नापास होईल! ‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि ‘फरक नाही हे सिद्ध झालं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात ती सर्रास एकमेकांच्या जागी बसलेली दिसतात. व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

खोली नावाचं मोठं चल

खरं सांगायचं तर रिसीव्हरपेक्षा खोली कितीतरी जास्त बोलते. आमच्या भागात तर याचा इतिहासच आहे. जुनी घरं माळवदाची: दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर मातीचं धाबं, आत कोनाडे, धान्याची पोती. असा खडबडीत, भरलेला पृष्ठभाग आवाज विखुरतो आणि थोडा शोषतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी शेजारच्या औसा तालुक्यातलं. या माळवदांच्या ओझ्याखालीच हजारो माणसं गेली. त्यानंतर या भागात माळवद बांधायला कुणाचा हात सहसा धजत नाही. आता स्लॅब किंवा पत्रा, गिलावा केलेल्या गुळगुळीत भिंती आणि खाली फरशी. राहायला सुरक्षित, यात वाद नाही. आवाजाच्या दृष्टीनं मात्र ही खोली म्हणजे आरशांचा महाल.

हिशोब करता येतो. हार्वर्डमध्ये १८९५ साली एका नव्या व्याख्यानगृहात प्राध्यापकांचं बोलणंच कळेना. हे काम वॉलेस सॅबिन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या शिक्षकाकडे आलं. (सॅबिननं पीएच.डी. केलेली नव्हती, हे आपलं मनोधैर्य वाढवायला सांगतोय की खच्ची करायला, तुम्ही ठरवा.) त्यानं रात्री शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजत बसला. गाद्या वाढवायच्या, पुन्हा मोजायचं. त्यातून आलेलं सूत्र: निनादकाळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण.

आमची बैठक साधारण ५ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच. घनफळ ६० घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून ९४ चौरस मीटर. गिलावा आणि फरशी पडणाऱ्या आवाजाचा जेमतेम ३ टक्के भाग शोषतात असं धरलं तर शोषण २.८, आणि निनादकाळ येतो जवळजवळ साडेतीन सेकंद. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा, पटेल. जाड पडदे, सतरंजी, गादीचा दिवाण आणि चार माणसं यांनी शोषण १५ पर्यंत नेलं तर तोच काळ ०.६४ सेकंदावर येतो. संवाद कळायला अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा निनाद बरा.

आजीचा प्रश्न इथे सुटायला लागतो. वयानं आधी वरच्या वारंवारितेचं ऐकणं कमी होतं. स्वर वारंवारितेत खाली असतात, ते ऐकू येतात. स, श, त, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग वर असतो, तो हरवतो. मग ‘सात’ की ‘साठ’ ते कळत नाही, आणि त्यात मागच्या अक्षराचा निनाद पुढच्या अक्षरावर येऊन बसतो. आजी म्हणते, “बोलतेत ते ऐकू येतंय, पण काय बोलतेत ते कळंना.” ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात यापेक्षा नेमकी व्याख्या मला मिळालेली नाही. ०.१ च्या ऐवजी ०.०१ टक्के विकृती तिच्यासाठी काहीच करणार नाही. मधल्या स्पीकरचा आवाज ३ डेसिबल वाढवणं आणि मोठे-लहान आवाज जवळ आणणारा ‘नाइट मोड’ लावणं, या दोन सोयी करतील. त्या बहुतेक स्वस्त रिसीव्हरमध्येही असतात.

आता एक अडचण. या रिसीव्हरांबरोबर एक छोटा माइक येतो. बसायच्या जागी ठेवला की रिसीव्हर खोली मोजतो आणि आवाजात दुरुस्ती करतो. डेनन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपाओ, अशी प्रत्येकाची पद्धत वेगळी. ती चालू केली की दोन रिसीव्हर नक्की वेगळे ऐकू येतील, झाकून ऐकले तरी. मग तुलना करताना ती बंद ठेवायची की चालू? उत्तर तुमच्या प्रश्नावर आहे. ‘कोणतं अ‍ॅम्प्लिफायर चांगलं’ हा प्रश्न असेल तर बंद. ‘या खोलीत, या माणसांसाठी कोणतं खोकं चांगलं’ असेल तर चालू. डेटा गोळा करून झाल्यावर हा निर्णय घेतला तर आपल्याला हवं ते उत्तर निवडल्यासारखं होतं, म्हणून तो आधी लिहून, तारीख टाकून ठेवायचा.

रोजचा वापर

ध्वनीची गुणवत्ता मोजणारे खूप, रोजच्या वापराला मात्र ‘ते काय, सवय होते’ म्हणून सोडून देतात. मला हे पटत नाही. हेही मोजता येतं. आयएसओ ९२४१ च्या अकराव्या भागात वापरयोग्यतेचे तीन पैलू दिलेत: काम झालं का, किती कष्टात झालं आणि करणारा समाधानी आहे का. जॉन ब्रूक यांनी १९८६ साली केलेली दहा विधानांची एक प्रश्नावली आहे, शंभरपैकी गुण देणारी. ती मराठीत नेताना शब्दाला शब्द ठेवू नका. एकानं मराठी करावं, दुसऱ्यानं मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यावं, आणि मग दोन्ही जुळतात का ते बघावं.

आमच्या घरासाठी मी तीन कामं ठरवलीत. एक, टीव्ही लावून आवाज रिसीव्हरमधून आणणं. टीव्ही आणि रिसीव्हर एचडीएमआयच्या एआरसी वाटेनं जोडले असतील (ही सोय २००९ पासूनची, तिची सुधारित ईएआरसी आवृत्ती २०१७ ची) आणि सीईसी नीट चालत असेल, तर हे टीव्हीच्या एका रिमोटवर व्हायला हवं. कागदावर दोन्ही रिसीव्हरांत ही सोय आहे. आपल्या टीव्हीशी जमते का, ते जोडल्याशिवाय कळत नाही.

दोन, ओठ आणि शब्द जुळणं. टीव्ही चित्रावर काम करताना ते थोडं उशिरा दाखवतो आणि आवाज पुढे निघून जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत दिलेल्या मर्यादा बघा: आवाज ४५ मिलिसेकंदांनी आधी आला तरी लोकांच्या लक्षात येतं, उशिरा आला तर मात्र १२५ पर्यंत चालून जातं. हा असमतोल का? शेताच्या पलीकडच्या बांधावर कुणी कुऱ्हाड चालवताना आठवा. घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो. निसर्गात आवाज नेहमी उशिराच येतो, त्याची मेंदूला सवय आहे. उलटं झालं की खटकतं. म्हणून रिसीव्हरमध्ये आवाज मागे ओढायची सेटिंग आहे का, आणि ती पाच मेनूंच्या आत दडलीय का, हे बघायचं.

तीन, लाईट जाऊन आल्यावर काय होतं. हे परदेशी परीक्षणांत कुठेच सापडणार नाही आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठं आहे. काही यंत्रं परत आली की शेवटची सेटिंग धरून असतात, काही मुकाट स्टँडबायवर जातात. आजी दुपारी एकटी असते.

घरातली चार माणसं दोन्ही रिसीव्हरवर ही कामं करतील. दोघं आधी स्वस्तावर, दोघं आधी महागावर, कारण दुसऱ्या वेळी सगळ्यांचाच हात बसलेला असतो आणि तो फायदा एकाच यंत्राला मिळायला नको. चार जणांची सरासरी काढणार नाही, प्रत्येकाचं वेगळं लिहिणार. ध्वनीचे गुण आणि वापराचे गुण यांची बेरीजही करणार नाही. ती केली की ‘ध्वनीला ६० टक्के, वापराला ४०’ असं वजन द्यावं लागतं, आणि ते ६० कुठून आलं याचं उत्तर कुणाकडेच नसतं. त्याऐवजी एक किमान अट: लाईट आल्यावर आजीला एका बटणात आवाज परत आणता आला नाही, तर त्या रिसीव्हरचे बाकी गुण बघायचेच नाहीत.

काकांना हे सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे स्वस्त घेऊ?” मी म्हटलं, तसं मी म्हणलोच नाही. दिवाळीत घरी जातोय, मल्टिमीटर बॅगेत टाकलाय. दुकानदार दोन्ही नमुने दोन दिवस घरी द्यायला तयार होतो का, एवढंच बाकी आहे. झाला तर चौघांचा तक्ता इथे टाकतो. तोवर तुमच्या सिनॉप्सिसमधल्या ‘तुलनात्मक’ या शब्दाखाली रेघ मारा, आणि तुमच्या विषयातला व्हॉल्यूमचा बटण कोणता ते खाली कमेंटमध्ये लिहा.